तपासणीच्या खिडकीवर नवरा कुठे आहे?

जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोलीचे नाव छापून आले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. प्रत्येकीमागे सरासरी साडेतीनहून अधिक आजार होते आणि यापूर्वी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झाली होती अशा स्त्रिया होत्या अवघ्या आठ टक्के. बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, या समजुतीला त्या आकड्यांनी जबर धक्का दिला. न विचारलेला आजार न दिसलेला राहतो, हे गडचिरोलीने जगाला दाखवले.

त्याला आता साडेतीन दशके उलटून गेली. त्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या चंद्रपुरात अजून एक आजार असाच न विचारलेला आहे, आणि तो बाईचा नाही. मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या बाईच्या हातात जाडजूड फाइल असते. सोनोग्राफीचे कागद, थायरॉइडचा रिपोर्ट, नळ्यांचा एक्स-रे, कुठे ‘क्युरेटिंग’ केल्याची चिठ्ठी. नवऱ्याचा एकच कागद त्यात असायला हवा असतो, वीर्य तपासणीचा. तो बहुतेक वेळा सर्वांत शेवटी लागतो, आणि अनेकदा लागतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. यात श्रीमंत देश आणि गरीब देश असा फारसा फरक नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण असते, कधी एकटे, कधी बाईच्या कारणाच्या जोडीला. वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी, बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच, असे वैद्यकशास्त्र सांगते. यात ‘दोघांची’ हा शब्द महत्त्वाचा. व्यवहारात तो गळून पडतो.

गळून पडण्याचे एक कारण भाषेतच आहे. मूल नसलेल्या बाईसाठी मराठीत शब्दांची कमी नाही. वांझ, वांझोटी हे शब्द तर शिवीसारखे वापरले जातात. ज्याच्या वीर्यात शुक्राणू कमी आहेत अशा पुरुषासाठी मात्र बोलीत शब्दच नाही. मग त्याला जो शब्द चिकटवला जातो तो ‘नामर्द’ किंवा ‘नपुंसक’, म्हणजे शरीरसंबंध करू न शकणारा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. दाढी-मिशा, आवाज, ताकद, संबंध, सगळे व्यवस्थित असलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो, कारण वीर्याच्या एकूण द्रवात शुक्राणूंचा वाटा अगदीच थोडा असतो. डोळ्यांना ते कळत नाही. ही गफलत केवळ गावकीची नाही. जादूटोण्याच्या आणि फसव्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणाऱ्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याची आजारांची यादी पाहावी. तिथे ‘स्त्रियांतील वंध्यत्व’ आहे आणि ‘नपुंसकत्व’ आहे. पुरुषाचे वंध्यत्व त्या यादीत सापडत नाही.

या गोंधळात जोडप्याचे काय होते, हे या दोन जिल्ह्यांत कुणाला नव्याने सांगायला नको. लग्नाला वर्ष होते, दुसरे होते. पाळणा कधी हलणार, असे विचारणारे आधी हसत विचारतात, मग हसायचे थांबतात. सासू सुनेला देवऋष्याकडे नेते, मग तालुक्याच्या डॉक्टरकडे. नळ्यांच्या तपासणीची कळ ती सोसते, महिन्या-महिन्याला गोळ्या घेते. बारशाला, ओटीभरणाला तिला बोलावणे येते, पण तिने मागच्या रांगेत बसावे अशी अपेक्षा असते. एखादा डॉक्टर म्हणतो, पुढच्या वेळी मालकांना घेऊन या. मालकांना धान कापणीतून, खाणीतल्या पाळीतून वेळ नसतो. दोन वर्षांनी कधी तरी नमुना दिला जातो आणि कागदावर येते ‘शुक्राणू आढळले नाहीत’.

पुढचा भाग दवाखान्याबाहेर घडतो. रिपोर्ट दोघांपुरताच राहतो आणि घरी सांगितले जाते, ‘हिच्यातच थोडा दोष आहे, औषध चालू आहे.’ बाई हे मान्य करते, कधी प्रेमापोटी, कधी दुसरे काही सांगण्याची सोय नसल्यामुळे. नवऱ्याचे खरे दुःख तर कुणाला दिसतच नाही. ज्याला रडायला जागा नाही असा माणूस चिडतो, कामावर जास्त थांबतो, पितो. मूल नाही म्हणून दुसरे लग्न केलेला आणि दुसरीलाही मूल न झालेला पुरुष बहुतेक गावांना ठाऊक असतो. पहिलीला मात्र माहेरी जावे लागलेले असते.

आणि हे सारे ज्या तपासणीवाचून अडलेले असते ती वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत सोप्या तपासण्यांपैकी एक आहे. सुई नाही, भूल नाही, एक्स-रे नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता, स्वच्छ रुंद तोंडाच्या बाटलीत नमुना द्यायचा. तो पातळ होऊ द्यायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. मोजण्यासाठी लागणारी न्यूबॉअर चेंबर नावाची आखीव काच म्हणजे प्रयोगशाळेत रक्तपेशी मोजायला वापरतात तीच. शुक्राणू पहिल्यांदा पाहिले गेले १६७७ मध्ये, हॉलंडमधल्या लेव्हेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याला जे दिसले ते पाहायला आज कुणाला नागपूर गाठावे लागू नये.

पण लागते, आणि त्यामागे एक साधा हिशेब आहे. नमुना दिल्यापासून तासाभरात तपासणी सुरू व्हावी लागते. उशीर झाला, नमुना तापला किंवा गार पडला, तर शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि रिपोर्ट खोटा पडतो. गावातून बाटली खिशात घालून जिल्ह्याला पाठवणे इथे चालत नाही. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागडचा रस्ता पर्लकोटा नदीला पूर आला की बंद होतो. म्हणजे नमुना प्रवास करू शकत नाही, माणसालाच करावा लागतो. तिथे पोचल्यावर त्याला कडी असलेली खोली मिळत नाही, रुग्णालयाच्या सार्वजनिक शौचालयाकडे बोट दाखवले जाते. बाहेर रांग, दारावर थापा. असा नमुना देता आला नाही तर तो पुरुष परत फिरतो आणि पुन्हा येत नाही. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे.

रिपोर्ट हाती आला तरी तो वाचण्यात चुका होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत किमान पातळ्या दिल्या आहेत. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, नीट घडण असलेले अवघे चार टक्के. चार टक्के वाचून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. पण सुदृढ, मुले झालेल्या पुरुषांतही बहुतेक शुक्राणू वेडेवाकडेच असतात. शिवाय हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हे. त्याखाली असलेल्यांना मुले झाली आहेत आणि त्यावर असलेल्यांना झालेली नाहीत. एका तपासणीवर कुणालाही ‘तुम्हाला मूल होणार नाही’ असे सांगू नये. काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी.

पुन्हा का, याचे उत्तर या भागातल्या वाचकाला विशेष उपयोगी आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि नळ्यांतून बाहेर यायला त्यापुढे काही दिवस. म्हणून आज दिलेल्या नमुन्यात दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचे चित्र असते. गडचिरोली हा महाराष्ट्रात मलेरियाचा सर्वाधिक भार वाहणारा जिल्हा. सप्टेंबरात थंडीतापाने फणफणलेल्या माणसाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात नमुना दिला तर आकडा घसरलेला दिसू शकतो, आणि फेब्रुवारीत तोच आपोआप वर येऊ शकतो. नमुना घेताना ‘गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का’ हा एक प्रश्न विचारला, तर कितीतरी घरांतली रात्रीची झोप वाचेल.

वृषणे शरीराबाहेर का असतात, याचेही उत्तर तापमानातच आहे. शरीराहून दोन ते चार अंश गार असेल तरच त्यांचे काम नीट चालते. चंद्रपूर हे देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक. वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंट आणि पोलादाच्या भट्ट्या इथल्या हजारो घरांची चूल पेटवतात. भट्टीसमोर किंवा ट्रकच्या तापल्या केबिनमध्ये दिवसचे दिवस काढण्याचा शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. हा परिणाम सहसा आकडा खाली आणणारा असतो, शून्य करणारा नव्हे. त्यामुळे सगळे खापर उन्हावर फोडून तपासणी टाळणे बरोबर नाही.

पूर्व विदर्भाचा आणखी एक जुना सोबती म्हणजे हत्तीरोग. डासांमधून पसरणारे हे जंत पाय सुजवतात हे सर्वांना दिसते. पुरुषांत ते अंडवृद्धीही घडवतात, ते धोतराआड राहते. वृषणाभोवती पाणी साचून पिशवी मोठी होत जाते, माणूस वर्षानुवर्षे ती लपवतो. अंडवृद्धी झालेल्या प्रत्येकाला मूल होत नाही असे मुळीच नाही. मात्र खूप काळ साचलेले मोठे पाणी दाब आणि उष्णता वाढवून शुक्राणूंच्या कामात अडथळा आणू शकते. हिची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होते, लाजेपोटी दहा वर्षे थांबण्याचे काही कारण नाही. याहून अधिक आढळणारे कारण म्हणजे वृषणाच्या शिरा फुगणे, ज्याला डॉक्टर व्हॅरिकोसील म्हणतात. सर्वसाधारण पुरुषांत ते सुमारे १५ टक्क्यांना असते, वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत ३५ ते ४० टक्क्यांना. ते हाताने तपासून कळते. म्हणजे डॉक्टरने फक्त रिपोर्ट वाचून भागत नाही, पुरुषाला तपासावे लागते. हेही फार थोड्या ठिकाणी होते.

सिकलसेलबद्दल तर जवळजवळ कुणी बोलतच नाही. या जिल्ह्यांतल्या आदिवासी आणि इतर समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तपासण्या वाढल्या. ज्या पुरुषाला प्रत्यक्ष आजार आहे (नुसता वाहक नव्हे) त्याच्यात आजारामुळेच शुक्राणूंची संख्या घटलेली असू शकते. वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध ती आणखी घटवू शकते. बऱ्याचदा औषध थांबवल्यावर संख्या सुधारते. म्हणून कुणी मनानेच गोळी बंद करू नये, झटका जिवावर बेतू शकतो. पण लग्न ठरलेल्या, मूल हवे असलेल्या तरुणाशी डॉक्टरने हे आधी बोलायला हवे. पिवळ्या-लाल कार्डावर लग्न जुळवण्याचा सल्ला दिला जातो, या गोष्टीचा मात्र उल्लेख होत नाही.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला हा पदार्थ इथे चहाइतका सहज दिला-घेतला जातो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. खऱ्र्याला आळा घालणे त्याहून कठीण ठरले आहे. तोंडाचा कर्करोग सगळ्यांना माहीत आहे. तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांचे वीर्य तपासले असता, जितके चघळणे अधिक तितकी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल खालावलेली, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसले होते. तिशीतल्या माणसाला साठीतल्या कर्करोगाची भीती फारशी वाटत नाही. तीन महिने खर्रा सोडून पुन्हा नमुना देऊन पाहा, हे सांगणे त्याला अधिक जवळचे वाटेल.

शून्य निघाले तर? सुमारे शंभरात एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात. पण शून्य दोन प्रकारचे असते. एकात कारखाना चालू असतो, रस्ता बंद असतो; जुना संसर्ग, क्षयरोग, शस्त्रक्रियेची इजा किंवा जन्मतः नळी नसणे ही कारणे असतात. दुसऱ्यात कारखानाच मंद किंवा बंद असतो: गालगुंडात वृषणांना झालेली सूज, लहानपणी खाली न उतरलेले वृषण, गुणसूत्रांतला फरक, किंवा मेंदूतल्या ग्रंथीकडून येणारा संप्रेरकांचा आदेशच कमी पडणे. या शेवटच्या प्रकारात इंजेक्शनांनी चांगला गुण येतो. हे दोन प्रकार वेगळे ओळखायला रक्ताच्या मोजक्या चाचण्या आणि जाणत्या डॉक्टरचा हात पुरतो. इथेच भोंदूंचा सुळसुळाट असतो. बसस्थानकामागच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगवणारे, तंबूत जडीबुटी मांडणारे, आणि ताकदीच्या नावाखाली टेस्टोस्टेरॉनची सुई टोचणारेसुद्धा. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती थांबवते. मूल हवे म्हणून घेतलेली सुईच मूल होऊ देत नाही.

पुढचे उपचार आहेत आणि ते प्रभावी आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून नळीतून गर्भधारणा झालेले बाळ जन्मले, पण त्या तंत्राला भरपूर शुक्राणू लागत. १९९२ मध्ये ब्रुसेल्समध्ये एकच शुक्राणू बीजात टोचण्याचे इक्सी तंत्र यशस्वी झाले आणि पुरुष-वंध्यत्वाचे चित्र पालटले. वृषणातून सुईने काढलेला शुक्राणूही त्यात चालतो. खर्च मात्र लाखांत, आणि एका वेळी यश येईलच असे नाही. शेती गहाण ठेवून नागपूर-हैदराबादच्या वाऱ्या करणाऱ्या जोडप्याला हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या उपचारातल्या सुया आणि भूल पुन्हा बाईच्याच वाट्याला येतात, हेही. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची केली आहे. दात्याचे वीर्य वापरून झालेले मूल कायद्याने त्या जोडप्याचेच. दाता, दत्तक किंवा दोघांनीच राहणे, यांपैकी काय निवडायचे हा निर्णय त्या दोघांचा. सासरच्या बैठकीत तो व्हायचा नाही. गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ मध्ये हे उपचार मोफत सुरू झाले. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाने तेवढी मागणी करणे गैर नाही, पण त्याआधीची एक गोष्ट फार स्वस्त आहे.

पूर्व विदर्भात, त्यातही गडचिरोलीत, पुरुष नसबंदीचे प्रमाण राज्याच्या इतर भागांहून जास्त राहिले आहे. राज्यात इतरत्र नसबंदी म्हटले की बाईच पुढे केली जाते. इथले पुरुष टेबलावर झोपले आहेत, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्या शस्त्रक्रियेचा सरकारी नियम असा, की तीन महिन्यांनी पुरुषाचे वीर्य तपासायचे आणि शुक्राणू शून्य झाल्याची खात्री पटली की प्रमाणपत्र द्यायचे. म्हणजे सूक्ष्मदर्शक, बाटली, तंत्रज्ञ, नोंदवही हे सारे सरकारी व्यवस्थेत आधीच आहे. ज्याला शून्य हवे आहे त्याच्यासाठी आहे. ज्याला शून्य नको आहे त्याच्यासाठी खिडकी उघडलेली नाही.

अहेरी, चिमूर, ब्रह्मपुरी, कुरखेडा इथल्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस ठरवून ही तपासणी करता येईल. हालचाल आणि घडण पाहायला तंत्रज्ञाला थोडे प्रशिक्षण लागेल, ते चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात देता येण्याजोगे आहे. आशाताई बाईशी बोलतात, पुरुषाशी हे बोलायचे काम आरोग्यसेवकाचे; तो मलेरियाची काच घ्यायला दारात येतोच. दिवाळीनंतर वडसा आणि आसपासच्या गावांत झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात, त्यांच्या लेखकांनाही या विषयात एक बरे नाटक मिळेल, नवरा आपला रिपोर्ट आईला स्वतः सांगतो असे. रुग्णालयाच्या बाजूने लागेल ती एक खोली, आत पाण्याचा नळ आणि दाराला आतून कडी. केसपेपर काढताना बायकोच्या नावाखाली नवऱ्याचे नाव लिहायला एक ओळ, आणि पहिल्याच दिवशी दोघांच्या हातात दोन चिठ्ठ्या.